लोलिता फॅशन: कुठला नियम मोडला तर चालतो आणि कुठला मोडला की घेरच बसतो?

झालरवाली:
लोलिता, म्हणजे जपानातला झालरी-लेसचा, फुगीर स्कर्टचा पोशाख. त्याच्या नियमांची यादी सगळ्यांना पाठ आहे. स्कर्ट गुडघ्याशी, आत पेटीकोट (साडीचा नव्हे, स्कर्ट फुगवणारा जाळीचा), खांदे झाकलेले, पाय उघडे नाहीत, डोक्यावर काहीतरी, बूट गोल टोकाचे, लेस चांगली. यातलं काय मोडलं तर पोशाख उभा राहतो आणि काय मोडलं की कोसळतो, ते इथे बोलू. कापड, माप आणि शिवण यावरच राहू या. नावावरून होणारे वाद जुन्या धाग्यांवर भरपूर झालेत, ते तिथेच राहू देत.

जपानात हा पोशाख दुकानांतून वाढला. टोकियोत हाराजुकूतलं 'मिल्क' १९७० चं. पुढे 'एंजेलिक प्रिटी' झालेलं दुकान १९७९ चं. 'बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट' १९८८, 'मेटामॉर्फोज' १९९३, माना या संगीतकाराचं 'मुआ-मेम-मुआतिए' १९९९. २००१ मध्ये 'गॉथिक अँड लोलिता बायबल' हे मासिक-पुस्तक आलं, त्यात फोटोंबरोबर शिवणाचे पॅटर्नही छापून यायचे. दुकानातली मुलगी स्वतः डोक्यापासून पायापर्यंत तोच पोशाख घालून उभी, त्यामुळे वेगळे नियम लिहायची फारशी गरज पडली नाही. अमेरिका-युरोपात दुकानं जवळपास नव्हतीच, म्हणून २००० नंतरच्या दशकात लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटवर बसून लोकांनी नियम कागदावर आणले. आज आपण ज्याला नियम म्हणतो त्यातला बराचसा भाग हा लांबून बघणाऱ्यांनी केलेला सारांश आहे, असं माझं मत.

माझ्या हिशेबाने घेर, कापड आणि लेस हे तीन नियम बांधकामाचे. बाकीचे तोलाचे. तोलाचा नियम मोडता येतो. बांधकामाचा मोडायचा तर ते काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यावं लागतं.

पोलकं:
सारांश म्हणा नाहीतर काही म्हणा, पेटीकोटाला पर्याय नाही. बाकी चर्चा चालू द्या.

तिरकस_टाका:
पोलकं, जुन्या पद्धतीचे, म्हणजे १९९० च्या दशकातले आणि २००५ च्या आसपासचे फोटो बघा. पेटीकोट आहे, पण आजच्या मानाने निम्मासुद्धा नाही. तरी ते बसके दिसत नाहीत. जाड सुती कापड, कमरेशी दाट चुण्या आणि खाली टॉरशॉन (जाडसर विणीच्या सुती) लेसच्या दोन-तीन ओळी, त्यामुळे स्कर्ट स्वतःच्या अंगानेच उभा राहतो. झालरवाली म्हणते तेच. पेटीकोटाचं काम कापडाने केलं.

उलट आजचा पातळ पॉलिस्टरचा छापील जेएसके (बिनबाह्यांचा झगा) पेटीकोटाशिवाय घातला की तो नुसता फ्रॉक होतो.

बॉबिन:
पेटीकोटाच्या आधी स्कर्टचा घेर तपासा. शंभरातल्या नव्वद तक्रारी "पेटीकोट घातला तरी शेप येत नाही" अशा असतात आणि दोष स्कर्टच्या कापात असतो. (शंभरातल्या नव्वद हे अंदाजपंचे, धरून बसू नका.)

कंबर ७० सेंमी असेल तर स्कर्टचं कापड २४० ते २८० सेंमी रुंद हवं, आयताकृती, चुण्या घालून. घेर २०० च्या खाली गेला की आतली जाळी पसरायला जागा उरत नाही. ती गोळा होते आणि स्कर्ट वर उचलते. अंब्रेला कटचा स्कर्ट वापरला तर कमरेपाशी कापड सपाट राहतं आणि खाली शंकू होतो. तो १९५० च्या दशकातल्या अमेरिकन नाचाचा शेप. लोलिताला कमरेखाली लगेच फुगणारी घंटा हवी, आणि ती चुण्यांशिवाय येत नाही.

लांबीचं गणितही इथेच चुकतं. पेटीकोट स्कर्टची कड ४ ते ६ सेंमी वर उचलतो. गुडघ्याशी ५५ सेंमी हवी असेल तर ६० कापा. टेलरकडे पेटीकोट घेऊन जा आणि तो घालूनच कड मापून घ्या.

खडीसाखर:
कॅन-कॅन चालेल का? घागऱ्याखाली घालतात तो. तयार मिळतो म्हणून विचारतेय.

बॉबिन:
चालतो, पण लोक तो खालून कापतात. घागऱ्याचा कॅन-कॅन पायघोळ असतो आणि त्याचा सगळा घेर खालच्या थरांत असतो. गुडघ्याच्या मापाला खालून कापला की उरतो तो वरचा अरुंद भाग, म्हणजे पैसे दिलेत तोच भाग कचऱ्यात. वरून कापा. कमरेचा पट्टा आणि पहिला थर उसवून काढा, खालचे थर ठेवा, त्यांना नवा पॉपलीनचा योक (कमरेखालचा सपाट पट्टा) लावा, योकला नेफा करून इलॅस्टिक.

दुसरी अडचण म्हणजे ती जाळी फार कडक असते. तिची टोकं स्कर्टच्या कापडातून उठून दिसतात आणि मोजे ओढतात. आतून सुती अस्तर आणि बाहेरून ऑर्गेंझाचा एक थर दिल्याशिवाय वापरू नका.

झालरवाली:
ज्यांना नव्याने शिवायचा आहे त्यांच्यासाठी पूर्ण माप देते. ११२ सेंमी पन्ह्याचा ऑर्गेंझा, पेटीकोटाची लांबी ५० सेंमी (स्कर्टपेक्षा ५ कमी), नितंब १०० पर्यंत.

योक: पॉपलीन, शिवून १५ सेंमी उंच, ११० सेंमी घेर, वर नेफा.
पहिला थर: २० सेंमीच्या ३ पट्ट्या, जोडून २७५ सेंमी ठेवा, उरलेलं कापून टाका. शिवून १८ सेंमी.
दुसरा थर: १९ सेंमीच्या ६ पट्ट्या, जोडून साधारण ६६०. शिवून १७.
तळाची झालर: १० सेंमीच्या १२ पट्ट्या, जोडून १३ मीटरच्या वर. ही दुसऱ्या थराच्या आतल्या बाजूने, कडेला कड लावून बसवायची, म्हणजे लांबी वाढत नाही, नुसता फुगारा वाढतो.

दोन्ही थर आणि झालर मिळून एक पदर, त्याला ३ मीटर ऑर्गेंझा लागतो. एक पदर घंटेला कमी पडतो. दोन करा, म्हणजे ६ मीटर, आणि दोन्ही एकाच योकला लावा. आत अस्तर वेगळं.

१३ मीटरच्या चुण्या हाताने किंवा दोन ओळींच्या सैल टाक्याने ओढू नका, दोरा मध्येच तुटतो. तंगूस किंवा जाड नायलॉनचा दोरा कापडावर ठेवून त्यावरून झिगझॅग मारा आणि मग तंगूस ओढा. झालर आणि थर दोन्हींचे आठ-आठ भाग करून खुणा जुळवा, नाहीतर सगळा फुगारा एका बाजूला जातो. ऑर्गेंझाच्या कडा सुटतात, त्यावर साडीला करतात तसा पिको करून घ्या. कोपऱ्यावरचा फॉल-पिकोवाला हे काम आनंदाने करतो, फक्त मीटर आधी सांगा.

कपकेक शेप हवा असेल तर योक १५ ऐवजी ८ ते १० सेंमी करा आणि उरलेली लांबी पहिल्या थराला द्या. फुगवटा वर सरकतो. ए-लाइन हवी तर योक १८-२०.

कोकणकडा:
यात एक भर. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा दमट हवेत नायलॉनचा ऑर्गेंझा ओलावा घेऊन मऊ पडतो आणि दुपारपर्यंत बसतो. पॉलिस्टरचा फारसा ओलावा घेत नाही. दुकानात दोन्ही "ऑर्गेंझा"च म्हणून मिळतात. स्पर्शाला नायलॉन मऊ, पॉलिस्टर जरा खरखरीत आणि कुरकुर आवाज करणारा. आपल्याकडे पॉलिस्टर घ्या. बसलेला पेटीकोट उलटा टांगून वाफ द्या, स्टार्चने काही होत नाही.

पोलकं:
बघा, पेटीकोटाला पर्याय नाही म्हटलं तर सगळे पेटीकोटच शिवायला बसले. :)

आता लेसवर बोला. मोडलेल्या नियमांत सगळ्यात आधी डोळ्यात खुपते ती लेस. चकाकणारी, पातळ, कडक नायलॉन रॅशेल (मशीनवर विणलेली स्वस्त लेस). पोशाख 'इता' (बघवत नाही असा, फसलेला) ठरतो तो निम्म्या वेळा तिच्यामुळे.

उलटी_शिवण:
लेसची नावं दुकानात वेगळी असतात म्हणून गोंधळ होतो. भुलेश्वर किंवा तुळशीबागेत "टॉरशॉन द्या" म्हटलं तर कुणाला कळणार नाही. "कॉटन क्रोशे लेस" मागा, त्यात टॉरशॉन आणि क्लूनी दोन्ही निघतात. केमिकल लेस हवी तर "जीपीओ लेस". भोकांची भरतकाम केलेली हवी तर "हकोबा". या तीनही लोलिताला योग्य. दुकानात तपासायची पद्धत: लेस काळ्या कापडावर ठेवा आणि तिरप्या उजेडात बघा. पृष्ठभाग आरशासारखा चमकला तर सोडून द्या.

मग शिवताना होणाऱ्या चुका. पहिली, लेस सपाट लावणं. कडेच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट लेस घेऊन चुण्या घालून लावा. २६० सेंमीच्या घेराला एका ओळीला ४ ते ५ मीटर लागते, हे खरेदीआधी लक्षात असू द्या, कारण तीच लेस पुन्हा मिळत नाही. दुसरी, पांढरा आणि ऑफ-व्हाइट यांची सरमिसळ. ट्यूबलाइटखाली कळत नाही, उन्हात लगेच कळतं. तिसरी सगळ्यात वाईट: पॉपलीन न भिजवता शिवणं. सुती कापड पहिल्या धुण्याला आटतं, पॉलिस्टरची लेस आटत नाही, आणि कड कायमची गोळा होते. कापड रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मग कात्री लावा. सुती लेसही भिजवा.

काळ्या किंवा गडद लाल कापडावर पांढरी लेस असेल तर रंग उतरतो. गार पाणी, पाच मिनिटं, आणि पिळून ठेवू नका, लगेच पसरा. ओल्या घडीतच डाग पडतात.

खडीसाखर:
काळ्यावर पांढरी लेस लावू नका, मोलकरणीचा गणवेश दिसतो, असा नियम वाचला होता. तो कितपत खरा?

तिरकस_टाका:
हा नियम अर्धा खरा. जुन्या पद्धतीत काळ्यावर पांढरी टॉरशॉन ही तर ओळखच होती. तिथे कापड मॅट असतं, लेस दाट असते, ओळी एकाखाली एक जवळजवळ असतात, आणि डोक्यावर आयताकृती हेडड्रेस त्याच लेसचा. गणवेश दिसतो तो साटीनचं कापड, कडेला एकच बारीक लेस आणि पुढे पांढरा एप्रन असं असलं की. नियम मोडायचा तर लेस कमी करू नका, वाढवा.

झालरवाली:
नेमकं. नवखे लोक कडेकडेने, थोडा थोडा नियम मोडतात आणि तो चुकल्यासारखा दिसतो.

रंगांचं पण असंच. छापील कापडातला एक दुय्यम रंग निवडा आणि तो किमान दोन ठिकाणी आणा, एक कमरेच्या वर, एक खाली. फिकट गुलाबी झग्यावर चॉकलेटी छपाई असेल तर चॉकलेटी बो आणि चॉकलेटी बूट, मोजे-ब्लाउज ऑफ-व्हाइट. फक्त बूट चॉकलेटी असतील तर ते बदलायला विसरल्यासारखे दिसतात. "काळा सगळ्यावर जातो" म्हणून पेस्टलवर काळा ब्लाउज घालणं ही नेहमीची चूक. छपाईत काळा नसेल तर काळा नको.

घामटं:
उन्हाळ्याचं बोला की! ब्लाउज, त्यावर जेएसके, आत दोन पदरी पेटीकोट, लांब मोजे, विग. मे महिन्यात नागपुरात हे शक्य आहे का?

कोकणकडा:
नागपुरात मे महिन्यात साधी साडीही शक्य नाही, हलकेच घ्या. पण मोडायचा क्रम ठरवता येतो.

आधी विग काढा. दाट केसांच्या दोन वेण्या आणि मोठा बो पुरतो, क्लासिक (संयत रंगांच्या) प्रकाराला तर वेण्या विगपेक्षा शोभतात. मग ब्लाउजची बाही कमी करा. खांदे झाकण्याचा नियम छोट्या फुग्याच्या बाहीनेही पाळला जातो, मनगटापर्यंत यायची गरज नाही. मॅचिंग सेंटरमध्ये मिळणारं टू बाय टू रुबिया पातळ आणि पूर्ण सुती, त्याचा पीटर पॅन कॉलरचा ब्लाउज शिवून घ्या. त्याहून कमी हवं तर नुसता सुटा कॉलर आणि जेएसकेवर आखूड बोलेरो जाकीट. मग मोजे, गुडघ्यावरच्या ऐवजी घोट्यावर दुमडलेले, लेसच्या कडेचे. हे सगळं ब्रँडसुद्धा उन्हाळ्यात करतात.

पेटीकोट शेवटी. तोही काढू नका, एक पदर कमी करा आणि अस्तर मलमलचं घ्या. गरम होतं ते मुख्यतः अंगाला चिकटणाऱ्या अस्तराने. जाळीचे थर खालून हवा येऊ देतात.

पोलकं:
घोट्याच्या मोज्यांना माझी हरकत आहे. फुगलेल्या स्कर्टखाली उघडी पोटरी आली की पोशाख वरून जड आणि खालून रिकामा दिसतो.

तिरकस_टाका:
म्हणून मग बूट जड घ्यायचे. जाड तळव्याचे, पट्ट्यांचे. पोटरी रिकामी, पण खाली वजन आहे. ब्रिटिश डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुडचे लाकडी तळाचे रॉकिंग हॉर्स बूट जुन्या पद्धतीत इतके चालले त्याचं कारण हेच असावं. नाजूक, सपाट बॅलेरिना बूट घालून घोट्याचे मोजे घातलेत तर पोलकंशी सहमत.

बुटांचं टोक गोल हवं हा नियम गोड (फिकट रंगांच्या) आणि क्लासिक प्रकारात पाळा. गॉथिकमध्ये, म्हणजे काळ्या-गडद प्रकारात, टोकदार बूट खपतात, कारण तिथे बाकीच्या रेषाही उभ्या असतात. शाळेचे काळे पट्ट्याचे बूट मोठ्या मापात मिळाले तर स्वस्तात काम होतं, फक्त तळ फार पातळ असतो. चपला बनवणाऱ्याकडून २ सेंमीचा थर लावून घ्या.

खडीसाखर:
घोट्यापर्यंत लांब स्कर्ट घातला तर तो नियम मोडला का?

झालरवाली:
गॉथिकमध्ये नाही. 'मुआतिए'ने 'एलिगंट गॉथिक लोलिता'बरोबर 'एलिगंट गॉथिक ॲरिस्टोक्रॅट' ही वेगळी शाखाच मांडली, लांब, सरळ, कमी फुगीर. लांब स्कर्टला घंटा द्यायला जाऊ नका, लग्नाचा गाऊन होतो. तिथे ए-लाइन आणि वरचा भाग अंगासरशी.

दुसऱ्या टोकाला, गुडघ्याच्या खूप वर गेलेला स्कर्ट मात्र कुठल्याच शाखेत बसत नाही. विकत घेतलेला झगा उंचीमुळे आखूड पडत असेल तर लेसच्या कडेचा अंडरस्कर्ट शिवा, जो ५ ते ७ सेंमी खाली दिसेल. पेटीकोट बाहेर डोकावू द्यायचा नाही, अंडरस्कर्ट मुद्दाम दाखवायचा.

गाठोडं:
मापाचा प्रश्न. जपानी झगे छातीला अडकतात. मागे इलॅस्टिकच्या चुण्या घालून घ्यायच्या आहेत, टेलर म्हणतो जमणार नाही.

बॉबिन:
जमतं, साधं आहे. मागचा मधला भाग काढून तिथे जुळणाऱ्या कापडाचा नवा भाग बसवायचा. हवी त्या रुंदीच्या दीडपट ते पावणेदोनपट कापड. बॉबिनमध्ये इलॅस्टिकचा दोरा, तो हाताने गुंडाळा, न ताणता. मशीनवर गुंडाळला की ताणला जातो आणि चुण्या येतच नाहीत. वर साधा दोरा, टाका ३.५ ते ४, ओळी १ सेंमीच्या अंतराने, प्रत्येक ओळ शिवताना आधीच्या चुण्या सपाट ओढून धरा. शेवटी इस्त्री न टेकवता वरून वाफ सोडा, चुण्या आणखी घट्ट होतात. ओळींची दोन्ही टोकं बाजूच्या शिवणीत अडकवा, नाहीतर पहिल्या धुण्यात दोरा निसटतो. आधी चिंधीवर दहा ओळी मारून बघायला सांगा टेलरला.

उलटी_शिवण:
आणि छापील कडेचा झगा असेल तर मागच्या भागासाठी स्कर्टला हात लावू नका. बॉर्डर प्रिंट साडीच्या काठासारखा कापडाच्या लांबीने जातो, त्यामुळे स्कर्ट आडवा कापलेला असतो. एक तुकडा काढला की चित्राची जोड कायमची तुटते. जुळता साधा रंग आणा.

पैठणचोर:
खणाचा लोलिता करावा असं डोक्यात आहे. जपान्यांनी किमोनोचा 'वा लोलिता' केलाच ना. नियमात बसेल का?

पोलकं:
खणाचं परकर-पोलकं आणि आत कॅन-कॅन, याला लोलिता म्हणू नका एवढीच विनंती.

झालरवाली:
पोलकंची विनंती रास्त आहे, पण कल्पना टाकाऊ नाही. वा लोलितामध्येही नुसत्या युकाताखाली (उन्हाळी सुती किमोनोखाली) पेटीकोट घातला तर फसतो. जमतो तेव्हा किमोनोचा एकावर एक येणारा गळा, बाही आणि ओबी (कमरेचा रुंद पट्टा) घेतात, पण स्कर्ट पूर्ण लोलिताचा राहतो: चुण्या, घंटा, लेसची कड. एका वेळी एकच भाग परका, बाकी सगळं काटेकोर. खणाचंही तेच करा.

बॉबिन:
शिवणातली अडचण सांगतो. खण करकरीत असतो आणि पन्हा लहान. २६० सेंमीचा घेर जोडून करावा लागेल, आणि इतक्या चुण्या कमरेशी घातल्या की दोन बोटं जाडीचा गोळा होतो. चुण्यांऐवजी बॉक्स प्लीट घाला, ४ सेंमीच्या, आणि जोड प्लीटच्या आतल्या घडीत लपवा. कमरेचा पट्टा खणाचा नको, पॉपलीनचा. चोळीचा भाग खणाचा केलात तर स्कर्ट साधा ठेवा, दोन्ही खणाचे नकोत.

खण स्वतः ताठ असल्याने पेटीकोट एका पदराचा पुरेल.

उलटी_शिवण:
लेस जीपीओ घ्या, सोनेरी अजिबात नको. काठ असेल तर तो खाली स्कर्टच्या कडेला आणि त्याखाली ३ सेंमीची ऑफ-व्हाइट क्रोशे लेस. चकचकीत रंगाचा खण घेऊ नका, मळकट हिरवा, गडद जांभळा, काळपट लाल असे क्लासिकला जातात.

पैठणचोर:
डोक्यावर काय? गजरा म्हणणार होतो, पण इथे मार पडेल.

तिरकस_टाका:
गजरा आणि बोनेट (हनुवटीखाली बांधायची टोपी) दोन्ही नको, दोनातलं एक. गजरा घेणार असाल तर तो डोक्याच्या मागे लपवू नका, कानापासून कानापर्यंत हेडबँडसारखा आडवा आणा, खाली पाठीशी ३ सेंमी रुंदीची रिबन शिवून. हेडड्रेसचं काम स्कर्टच्या फुगाऱ्याला वर तोल देणं. ते गजऱ्याने होत असेल तर नियम पाळल्यासारखंच आहे. खऱ्या फुलांचा नको, दोन तासांत कॉलरवर पिवळे डाग पडतील.

पोलकं:
गजऱ्याला मी हरकत घेत नाही. फोटो मात्र बाजूने काढा आणि इथे टाका, समोरून घेर कळत नाही.